आमच्या शाळेचा ठराव आमच्या माघारी का?

कामगार बंधूंनो, मायबहिणींनो आणि मराठी शाळेत पोर घालणाऱ्या तमाम आईबापांनो,

मी लेखक नव्हे, वक्ता नव्हे. पंचगंगेच्या काठच्या एका गावात राहतो आणि सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. वय ३६. शिक्षण सातवी पास. युनियनच्या कामाने करार वाचायची सवय लागली, नोटिशीला उत्तर लिहायची सवय लागली, त्या जोरावर हे चार कागद खरडले आहेत. शुद्धलेखन बघू नका, म्हणणं बघा.

आज लिहितो आहे ते पगारवाढीचं नाही, बोनसचं नाही, महागाई भत्त्याचंही नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेचं आहे. शाळेचं, गावाचं, साहेबांचं नाव मुद्दाम घालत नाही. माझं भांडण एका साहेबाशी नाही. आज आमच्या गावात जे झालं ते उद्या तुमच्या गावात होणार आहे, कुठं कुठं होऊनही गेलं आहे. म्हणून ऐका.

काय घडलं ते आधी सांगतो

आमच्या गावची शाळा पहिली ते सातवी. मी तिथंच शिकलो. माझ्या वेळी सहावी-सातवीत बसायला जागा पुरत नव्हती, निम्मा वर्ग व्हरांड्यात. २०२५ च्या जूनमध्ये माझी थोरली पोरगी सहावीत गेली. सहावी आणि सातवी मिळून पट १७. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोवर कळलं, की या दोन वर्गांना शिकवणारे गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरले. त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत झालं. आणि आमच्या १७ पोरांनी चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावच्या शाळेत जावं.

अतिरिक्त! हा शब्द आम्हा कामगारांना नवा नाही. गिरणीत माणूस कमी करायचा झाला की मालकाच्या तोंडी हाच शब्द येतो. पण गिरणीत निदान काम कमी झालं असं तरी सांगतात. इथं १७ पोरं समोर पाटीदप्तर घेऊन बसलेली, आणि शिकवणारा माणूस म्हणे जास्त झाला! पोरं आहेत, वर्ग आहे, फळा आहे, एक गुरुजी तेवढे जास्तीचे. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

दुसरी पाळी होती तेव्हा सकाळी सुट्टी न टाकता तालुक्याला गेलो. साहेबांना विचारलं, “हे कुणी ठरवलं?”

साहेब म्हणाले, “वरून आदेश आहे.”

“आम्हा पालकांना कुणी विचारलं का?”

साहेबांनी फायलीतून एक कागद काढून पुढे सरकवला. “विचारलं की! हा बघा तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. समितीची हरकत नाही असं लिहिलंय. खाली सह्या आहेत.”

मी कागद वाचला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या समितीत मी स्वतः सभासद आहे! ठराव एप्रिलमधला. सभा सकाळी ११ ची. त्या आठवड्यात मी पहिल्या पाळीला, सात ते तीन. अकरा वाजता मी मशीनवर तुटलेलं सूत सांधत होतो, आणि माझ्या पोरीचा वर्ग गावात मोडला जात होता. समितीतल्या निम्म्या बाया आहेत, त्या त्या वेळी भांगलणीला दुसऱ्याच्या रानात. मग सभेला होतं कोण? खुर्च्या.

गावात येऊन चौकशी केली. वही घरोघर फिरली होती. माझ्या आळीतली एक बहीण म्हणाली, “मला काय ठावं दादा! गुरुजींनी वही आणली, पोषण आहाराची सही असल असं वाटलं, केली सही. आपल्या गुरुजींना न्हाई कसं म्हणायचं?” त्या माऊलीची पोरगी त्या १७ जणांत आहे. आपल्याच लेकीचा वर्ग बंद करायला तिनं सही दिली आणि तिला ते माहीत नाही. मी सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. एक शब्द बोलली नाही.

मुख्याध्यापकांना तरी काय म्हणू? त्यांना वरून फोन होता, संध्याकाळपर्यंत ठराव पाठवा. ठरावाचा मजकूरही तयार होऊन आला होता, यांनी फक्त गावाचं नाव घातलं. त्यांच्या वरच्याला त्याच्या वरच्याचा फोन. अशी ही साखळी मुंबईपर्यंत जाते, आणि साखळीत कुणालाही विचारा, “मी कुठं ठरवलं?” ठरवणारा सापडत नाही. सही मात्र आमची सापडते!

कायदा कुणाच्या बाजूला आहे?

बंधूंनो, युनियनमध्ये आम्हाला पहिली गोष्ट शिकवली, की ओरडायच्या आधी करार वाच. म्हणून मी कायदा वाचला. अडलेला शब्द हायस्कूलच्या एका सरांकडून समजून घेतला.

२००९ साली बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात १०० पैकी किमान ७५ सभासद आईबाप किंवा पालक पाहिजेत, आणि निम्म्या बाया पाहिजेत. ही समिती मिठाईच्या डब्यावरच्या चित्रासारखी दिसायला ठेवलेली नाही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करायचा, ही कामं कायद्याने तिला दिली आहेत. २२ वं कलम म्हणतं, की तोच आराखडा धरून पुढच्या योजना आणि अनुदान ठरावं. म्हणजे कागद गावातून वर जायचा आहे. आपल्याकडे कागद वरून गावात येतो आणि आपण त्याला अंगठा लावतो!

आता शिक्षकांचं बघा. त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे, की पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक. सहावी ते आठवीला दर वर्गाला किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक असे ते असावेत. पोरं २० पेक्षा कमी असली तर शिक्षक देऊ नका, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं.

मग हे २० चं भूत आलं कुठून? सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने समूह शाळांची योजना पुढे आणली. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची. शासनाच्याच तेव्हाच्या आकड्याप्रमाणे अशा शाळा १४,७८३ आणि त्यांत शिकणारी पोरं १,८५,४६७. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. त्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी पोरं असतील तर शिक्षक शून्य केला. शून्य! शाळा बंद करा असं कुठं म्हटलेलं नाही हो. शाळा चालू ठेवा, फक्त शिकवायला माणूस देत नाही! गिरणीला टाळं लावायचं नाही, पण कापूस द्यायचा नाही, अशातला हा प्रकार. टाळेबंदीच ही, पण नाव घ्यायचं नाही.

आणि अंतर? महाराष्ट्राने २०११ साली या कायद्याखाली केलेले नियम सांगतात, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. आमच्या पोरांना चार किलोमीटर चालायला लावलं. साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, “नकाशावर एवढं नाही.” साहेब, नकाशावरचा रस्ता ओढ्यातून जातो! जुलैत पंचगंगेला फुगी आली की ओढा मागे सरकतो आणि तो रस्ता पाण्याखाली जातो. २०१९ चा महापूर, २०२१ चा महापूर आम्ही छातीएवढ्या पाण्यातून बघितला आहे. पाणी उतरलं की दिवाळीपासून कारखाने सुरू होतात, मग त्याच रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. त्यांच्या बाजूने ११ वर्षांची पोर चालवायची?

त्या १७ पोरांचं आज काय झालं तेही सांगतो. पोरगे सायकलीने जातात. पाच पोरी चालत जातात. दोन पोरी घरी बसल्या, एक धाकट्या भावाला सांभाळते, दुसरी आईबरोबर रानात जाते. कागदावर दोघींचं नाव मोठ्या शाळेच्या पटावर आहे. माझी पोरगी जाते. माझी दुसरी पाळी असली की मी गाडीवरून सोडतो. पहिली पाळी असली की ती चालते, आणि मी मशीनवर उभा राहून घड्याळ बघतो.

ही शाळा कुणाच्या घामाची?

१८८२ साली जोतिबा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि त्यातला शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी इंग्रजाला तोंडावर सांगितलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १९१७ साली आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. छत्रपतींनी पोर न पाठवणाऱ्याला दंड केला. आज आम्ही पोर पाठवायला तयार आहोत तर शिक्षक काढून नेतात. आता दंड कुणाला करायचा, ते तुम्ही सांगा!

माझा आजा मुंबईला गिरणीत होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरण्या सोडून फ्लोरा फाउंटनकडे जो कामगार निघाला, त्या लोंढ्यात तो होता. तिथं गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत शंभरावर माणसं गेली, त्यात किती तरी कामगार. आजा सही करायला कसाबसा शिकला होता. तो सांगायचा, “आमाला राज्य कशाला पायजे हुतं? कचेरीत गेल्यावर आपली भाषा कळावी, आन पोरानं आपल्या भाषेत शिकून सायब व्हावं, म्हणून.” १ मे १९६० ला राज्य झालं. बरोबर दोन वर्षांनी, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्याचा अर्थ साधा होता. गावच्या शाळेचा कारभार मंत्रालयातून नको, जिल्ह्यातून, लोकांनी निवडलेल्या माणसांकडून व्हावा.

आणि झालं काय? २०२२ साली बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक बसले. नेमके त्याच काळात हे समूह शाळांचे आणि शून्य शिक्षकांचे निर्णय आले. ज्याला मत दिलं तो खुर्चीत नव्हता आणि खुर्चीत होता त्याला आमचं मत नको होतं. मग गाऱ्हाणं घालायचं कुणापुढं? मारुतीपुढं?

सीमेपलीकडे निपाणी, बेळगावचे आपले भाऊ मराठी शाळेसाठी किती वर्षं झगडत आहेत. राज्यघटनेतलं ३५०-अ कलम, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगतं, त्याच्या आधाराने ते मागणी करतात. त्यांच्यासाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण उद्या त्यांनी विचारलं, “तुमच्या राज्यात तर मराठी शाळांना कुणाची आडकाठी नव्हती, तिथं का बंद पडतात?” तर कुठल्या तोंडानं उत्तर देणार आपण?

पट आपोआप कमी झाला नाही

साहेब म्हणतात, “तुम्हीच पोरं इंग्रजी शाळेत घालता, पट कमी होतो, मग शासनाने काय करायचं?”

यात खरं आहे, ते मी लपवणार नाही. माझ्या सख्ख्या भावाची दोन पोरं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेला जातात. तो माझ्याच गिरणीत कामाला. त्याचा ओव्हरटाइम सगळा फीमध्ये जातो. मी त्याला बोललो, तर म्हणाला, “तुझ्या शाळेत शिकवायला माणूस आहे का सांग, उद्या आणून घालतो.” मला उत्तर आलं नाही.

कारण गुरुजी असले तरी वर्गात किती असतात? आज मतदार यादी, उद्या कसलं सर्वेक्षण, परवा मोबाइलवर माहिती भरा, फोटो टाका, तांदळाचा हिशेब द्या. कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुकीचं काम, एवढं सोडून शिक्षकाला शिकवण्याबाहेरचं काम देता येत नाही. पण आमचे गुरुजी निम्मा दिवस मोबाइलमध्ये मान घालून. दोन-दोन वर्ग एका खोलीत. मग ज्याच्या खिशात चार पैसे आहेत तो पोर काढतो. पट कमी होतो. पट कमी झाला म्हणून आणखी एक शिक्षक जातो. शिक्षक गेला म्हणून आणखी चार पोरं जातात. आणि शेवटी साहेब कागद दाखवतो, “बघा, पट नाही.”

हा खेळ आम्ही बघितला आहे. माझा बाप मुंबईत गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, त्यानंतर त्याची गिरणी त्याला परत दिसली नाही, बोचकं घेऊन गावी आला. तो सांगायचा, की किती तरी मालकांनी जुन्या यंत्रांवर पैसा घालायचं आधीच सोडलं होतं. यंत्र सुधारायचं नाही, मग तोटा होतो म्हणायचं, मग गिरणी आजारी म्हणायचं, मग जागा विकायची. शाळेचं तेच चाललंय. आधी उपाशी ठेवायचं आणि मग अशक्त आहे म्हणून बाहेर काढायचं!

रिंगफ्रेमवर रात्रपाळीत सूत तुटतं. दहा ठिकाणी तुटतं. तुटलं की आम्ही जाऊन सांधतो, त्यासाठीच आम्हाला उभं केलेलं असतं. सूत तुटलं म्हणून मशीन भंगारात काढा, असं कुणी मुकादम म्हणाला तर त्याला वेड्यात काढतील.

खर्चाचं रडगाणं

दुसरं म्हणतात, १७ पोरांसाठी शिक्षकाचा पगार परवडत नाही. आणि मोठ्या शाळेत खेळ आहे, प्रयोगशाळा आहे, सवंगडी आहेत, पोरांचं भलंच होईल.

मोठी शाळा चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग आधी गाडी लावा, आधी रस्ता करा, आधी आईबापांना नेऊन ती शाळा दाखवा, आणि मग विचारा. आमच्यातले निम्मे स्वतःहून हो म्हणतील. इथं उलटं झालं. शिक्षक आधी काढला, गाडी अजून आली नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर पोरी घरी बसल्याचा खर्च कुठल्या वहीत लिहिता? तो तिच्या सगळ्या जन्मावर लिहिला जातो. मी सातवीत शाळा सोडली, कारण हायस्कूल लांब आणि घरात पैसा नाही. त्याचा खर्च मी आजवर फेडतो आहे. कराराचा कागद पुढे आला की दुसऱ्याला विचारावं लागतं, याचा अर्थ काय लिहिलाय.

ओरडलं की निर्णय फिरतो

आता कुणी म्हणेल, शासन निर्णय झाला, आता काय होणार? बंधूंनो, दोन ताज्या गोष्टी सांगतो.

पहिली, आमच्या धंद्यातली, कापडाची. आधी गणवेश शाळेची समिती घ्यायची. एका गणवेशाला ३०० रुपये, दोनाचे ६०० रुपये समितीकडे यायचे. गावचा शिंपी माप घ्यायचा, पोराला कपडा बसायचा. २०२४-२५ ला वरून हुकूम आला, एक राज्य एक गणवेश. कापड एका ठिकाणाहून घेणार, शिवायला बचत गटाच्या बायांना देणार. त्या बायांचा दोष नाही, त्यांच्या हाती वेळेवर काही आलंच नाही. जून गेला, जुलै गेला, १५ ऑगस्टचं झेंडावंदन अनेक शाळांतल्या पोरांनी जुन्या विटक्या कपड्यांत केलं. आले तेही कुणाला ढगळ, कुणाला आखूड. माझ्या धाकट्याच्या चड्डीत दोन पोरं मावली असती! ज्या मुलखात घरोघर माग खडखडतात, तिथल्या पोरांना कपडा मिळेना. ओरड झाली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा समितीकडे दिला. म्हणजे गावाला अक्कल आहे, हे एका वर्षाच्या फजितीनंतर शासनालाच मान्य करावं लागलं.

दुसरी गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी सक्तीची केली. १७ जूनला शब्द फिरवून तेच पुन्हा आणलं. महाराष्ट्र खवळला, आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द करावे लागले. ७५ दिवसांत!

म्हणजे आपण उठलो की होतं. पण मी स्वतःलाच विचारतो, तुम्हीही विचारा. त्याच जूनमध्ये आमच्या शाळेचे गुरुजी गेले, तेव्हा गावातून किती माणसं उठली? हिंदीच्या वेळी चौकात दोनशे जण जमले. गुरुजींच्या वेळी आम्ही अकरा. मराठीवर बोट ठेवलं की आपलं रक्त उसळतं, आणि मराठी शिकवणारा माणूसच उचलून नेला तर आपण पानाच्या टपरीवर “काय करणार!” म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले. वाटावेतच. पण अभिजात भाषा सहावी-सातवीच्या १७ पोरांना कोण शिकवणार, हे पेढा खाताना कुणी विचारलं नाही.

आमचं मागणं

एक. शाळा व्यवस्थापन समितीची सभा पाळीवाल्याला आणि रोजगारी बाईला येता येईल अशा वेळी घ्या. संध्याकाळी घ्या, रविवारी घ्या. नोटीस निदान चार दिवस आधी द्या.

दोन. ठराव सभेत मोठ्याने वाचायचा, सभेतच लिहायचा. घरोघर वही फिरवून घेतलेली सही ही सही नव्हे. ठरावाची प्रत शाळेच्या फलकावर लावा.

तीन. शिक्षक काढायचा, वर्ग हलवायचा, शाळा जोडायची, यातलं काहीही ग्रामसभेत आईबापांपुढे उघड चर्चा झाल्याशिवाय करायचं नाही.

चार. सहावी ते आठवीला कायद्यात लिहिले आहेत तेवढे शिक्षक द्या. शून्याचा हिशेब रद्द करा. गुरुजींना शिकवू द्या, बाकीची कारकुनी दुसऱ्याला द्या.

पाच. जिथं पोरं आधीच हलवली आहेत, तिथं आज गाडी लावा. आणि घरी बसलेल्या पोरींची नावं कागदावर हजर दाखवणं बंद करून त्यांना शाळेत आणा.

आणि आपलंही काम आहे, ते टाळता येणार नाही. समितीवर कोण आहे ते आजच विचारा. आपण असू तर सभेला जा, पाळी बदलून घ्या, आम्ही युनियनवाले त्यासाठी मुकादमाशी बोलू. वाचल्याशिवाय सही करू नका, वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला सांगा. ती शाळेत जाते ते यासाठीच! शाळेचा विकास आराखडा तुम्ही लिहा आणि वर पाठवा. आणि ज्यांना जमेल त्यांनी पोर मराठी शाळेतच घाला, मग तिथं शिक्षक मागायला छातीठोक उभे राहा.

माझ्या आळीतल्या त्या बहिणीनं गेल्या सभेत वही हातात घेतली आणि म्हणाली, “आधी वाचून दाखवा, मग सही.” सगळी सभा गप्प झाली. मुख्याध्यापकांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ती उभी राहून ऐकत होती. गुरुजी अजून परत आले नाहीत, तिची पोरगी अजून रानात जाते. पण त्या दिवशी वही कोरी राहिली. बिनवाचलेली एकही सही त्या वहीत पडली नाही.

बंधू-भगिनींनो, आजच्या काळात एवढीसुद्धा लढाई लहान नाही. इथून सुरुवात करा.

आमची शाळा, आमचा ठराव!
गावाला विचारल्याशिवाय शिक्षक हलणार नाही!
मराठी शाळा जगलीच पाहिजे!

जय महाराष्ट्र!

आपला,
एक सूतगिरणी कामगार